सेऊल २०२७ : चाळीस तरुण न्यायचे तर शनिवारच्या रात्रीपासून मागे मोजा

गोराई-बोरिवली पट्ट्यातल्या एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युवा गटाचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२७ मध्ये सेऊलला होणाऱ्या जागतिक युवा दिनाला, म्हणजे कॅथलिक तरुणांच्या जागतिक मेळाव्याला, चाळीस जण न्यायचे ठरतेय, पण आधी कुणीच गेलेले नाही. सुरुवात कुठून करायची, पैसे कसे धरायचे, व्हिसाचे काय आणि तिथे गेल्यावर नेमके कुठे फसायला होते, हे त्यांना हवे आहे.

बहुतेक गट विमानाच्या भाड्यापासून सुरुवात करतात. त्याऐवजी शनिवार, ७ ऑगस्ट २०२७ ची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. तुमचे चाळीस जण पाठीवर ओझे घेऊन बरेच अंतर चाललेले आहेत, फोनला रेंज नाही, भोवती लाखो माणसे आहेत आणि रात्र उघड्या मैदानावर काढायची आहे. या रात्रीचा हिशेब ज्यांनी आधी मांडला, त्यांचा बाकीचा आठवडा सहसा बिघडत नाही. कुणाला न्यायचे, पैसे किती, बॅगेत काय, गट किती जणांचे, हे सगळे त्या रात्रीवरून ठरवा.

आठवड्याचा साचा बरीच वर्षे तोच आहे. मंगळवारी, म्हणजे ३ ऑगस्टला, यजमान महागुरुस्वामींच्या (आर्चबिशपांच्या) मिस्साने सुरुवात. बुधवार ते शुक्रवार सकाळी भाषावार धर्मशिक्षणाची सत्रे आणि मिस्सा, संध्याकाळी शहरभर कार्यक्रम, पापनिवेदनाची सोय. गुरुवारच्या सुमारास पोप महोदयांचे स्वागत, शुक्रवारी क्रुसाची वाट. शनिवारी मैदानापर्यंत पायी यात्रा, रात्री जागरण प्रार्थना आणि आराधना, तिथेच झोप, रविवारी ८ तारखेला समारोपाचा मिस्सा. त्याआधीचे चार-पाच दिवस कोरियातल्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत, बहुधा यजमान कुटुंबांकडे किंवा धर्मग्रामांत, मुक्काम असतो. ते दिवस वगळून फक्त मुख्य आठवड्याला जाण्याचा मोह होतो, कारण खर्च आणि रजा वाचते. शक्य असेल तर वगळू नका. मुले तिथे जेवणाला, घामाला आणि साडेतीन तासांनी पुढे असलेल्या घड्याळाला सरावतात, आणि थेट गर्दीत पडत नाहीत.

शनिवारची रात्र बिघडते ती मुख्यतः तीन गोष्टींनी: ऊन, पाणी आणि गर्दी. माद्रिदला २०११ मध्ये क्वात्रो व्हिएन्तोसच्या विमानतळावर जागरण चालू असतानाच वादळ आले. पोप बेनेडिक्ट यांना भाषण थांबवावे लागले, पवित्र भाकर ठेवलेले काही तंबू कोसळले, आणि रविवारी असंख्य तरुणांना कम्युनियन मिळाले नाही. रिओला २०१३ मध्ये ग्वाराटिबाचे मैदान पावसाने चिखल झाले आणि शेवटच्या दोन दिवसांचे सगळे कार्यक्रम कोपाकबानाच्या किनाऱ्यावर हलवावे लागले. कोरियाचा स्वतःचा धडा तर ताजा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सेमानगमला जागतिक स्काउट मेळावा भरला, सपाट भरावाच्या जमिनीवर, सावली नाही. उष्माघाताचे शेकडो रुग्ण झाले आणि शेवटी वादळ येतेय म्हणून हजारो मुलांना मुदतीआधीच तळ सोडावा लागला. सेऊलचा ऑगस्ट तसाच आहे: तिथला पावसाळा जुलैअखेर ओसरतो, मग ३० ते ३५ अंशांचे दमट ऊन, आणि वादळांचा हंगामही तोच.

इथे मुंबईकरांचा एक गैरसमज काढायला हवा. ‘आम्हाला उकाड्याची सवय आहे’ हे खरे, पण ती सावलीतल्या उकाड्याची. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे ढग असतात आणि दिवसभर पाठीवर आठ किलो घेऊन डांबरावर चालायची वेळ कुणावर येत नाही. म्हणून सराव मे महिन्यात करा. नरीमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी हा मरीन ड्राइव्हचा पट्टा सुमारे ३.६ किलोमीटर आहे. दोनदा जाऊन-येऊन साधारण १४ किलोमीटर होतात. सकाळी सहाला निघा, खरी बॅग खऱ्या वजनाची घ्या, खरे बूट घाला. असे तीन-चार रविवार झाले की कुणाचा पाय कुठे सोलतो ते इथेच कळते. नवे बूट तिथे घालायचे नाहीत. निदान दीड महिना वापरलेले हवेत. सुती मोज्यांत घाम मुरतो आणि फोड येतो, म्हणून सिंथेटिक मोज्यांचे तीन जोड घ्या आणि दुपारी एकदा बदला. फोड आलाच तर फोडू नका, वर चिकटपट्टी लावा.

आता माणसे. चाळीसमध्ये ३४ तरुण आणि ६ मोठे हे प्रमाण मला कमीत कमी वाटते. सहापैकी एक फादर, एक सिस्टर किंवा अनुभवी महिला, एक नर्स किंवा डॉक्टर, बाकी युवा नेते. मुली असतील तर निदान दोन महिला नेत्या हव्यातच. आजवर १४ ते ३० हा वयोगट धरला जातो, पण पहिल्याच वेळी १८ च्या आतली मुले नेऊ नयेत असे माझे मत आहे: दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र, राहण्याची वेगळी व्यवस्था, प्रत्येक क्षणी जबाबदार प्रौढ, हे सगळे नवख्या गटाला झेपत नाही. निवड करताना फक्त कोण पैसे भरू शकतो हे बघू नका. वर्षभर मासिक सभेला कोण आले, सरावाच्या चालीला कोण आले, ते बघा. फिट्स येणाऱ्या मुलाला जागरण त्रासदायक ठरते, इन्सुलिन उन्हात टिकत नाही, दमेकऱ्याला गर्दीतली धूळ लागते. यामुळे कुणाला नाकारायचे नाही, पण डॉक्टरांचे पत्र, दुप्पट औषधे आणि शनिवारच्या रात्री थंड पिशवी कुणाकडे, हे लिहून ठेवलेले हवे.

कॉलेजचे वेळापत्रक आडवे येते. जुलैअखेर ते ऑगस्टचा दुसरा आठवडा म्हणजे नुकत्याच सुरू झालेल्या वर्गांचे, अकरावी-इंजिनीअरिंगच्या प्रवेशफेऱ्यांचे दिवस. बारावीची परीक्षा २०२७ मध्ये देणाऱ्याला प्रवेशफेरीच्या दिवशी सेऊलमध्ये बसून कॉलेज निवडायचे आहे का, हे घरी आधी बोलून घ्या. अशीच मुले ऐन जूनमध्ये गळतात, आणि तोवर तिकिटे निघालेली असतात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ खाते ते नाव. आपल्या मुलांच्या कागदांत नावांचा घोळ ठरलेला: बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तीन नावे, आधारवर दोन, दहावीच्या गुणपत्रिकेवर मध्ये वडिलांचे नाव. डिसोझाचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर ॲपॉस्ट्रॉफीसह, दुसऱ्यावर सलग, तिसऱ्यावर मोकळी जागा सोडून. घोन्साल्विसचा शेवट कुठे ‘एस’, कुठे ‘झेड’. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि सगळे नाव पहिल्या रकान्यात. म्हणून पहिल्याच सभेत प्रत्येकाचा पासपोर्ट समोर ठेवून त्याच्या फोटो-पानाच्या तळाशी छापलेल्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींतून नाव उतरवा. नोंदणी, तिकीट, विमा, व्हिसा सगळीकडे तेच. ‘आम्ही त्याला घरी असे म्हणतो’ हे नाव कुठेही येऊ देऊ नका. गटाच्या तिकिटात एकदा नाव छापले की बदल करून देत नाहीत, किंवा नव्या तिकिटाइतके पैसे मागतात.

पासपोर्ट परतीनंतर सहा महिने, म्हणजे निदान फेब्रुवारी २०२८ च्या मध्यापर्यंत चालणारा हवा. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, जे आधी येईल तेवढाच चालतो. १९ वर्षांच्या मुलाच्या खिशात असा संपलेला पासपोर्ट सर्रास सापडतो. दुरुस्ती किंवा नवीन काढायचे काम २०२६ च्या नाताळाआधी उरका, कारण पत्ता बदलला असला की पोलिस पडताळणी लांबते.

कोरियाचा व्हिसा भारतीय पासपोर्टला आधी घ्यावाच लागतो. एकदाच प्रवेशाचा अल्पमुदतीचा व्हिसा साधारणपणे दिल्या तारखेपासून तीन महिने चालतो, त्यामुळे घाईघाईत मार्चमध्ये अर्ज करणेही चूकच. एप्रिलमध्ये फाइल पूर्ण, मेमध्ये अर्ज, हा हिशेब ठेवा आणि त्या वेळचे नियम मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासाकडून नव्याने बघून घ्या. फाइलमध्ये लागते ते असे: सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्र (विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांचे, नाते दाखवणाऱ्या दाखल्यासह), कॉलेजचा बोनाफाइड किंवा नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र, आयोजकांकडचा नोंदणीचा पुरावा, धर्मप्रांताचे पत्र आणि विमानाचे आरक्षण. अर्ज नामंजूर का होतात? पैसे कमी म्हणून क्वचितच. जास्त वेळा अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक पडलेल्या मोठ्या रकमेमुळे, किंवा मुलगा परत येईल असे दाखवणारे काहीच नसल्यामुळे. अशा मेळाव्यांचा व्हिसा घेऊन काहीजण परतलेच नाहीत असे प्रकार आधी झालेले आहेत, त्यामुळे अधिकारी कसून बघतात. परीक्षेचे वेळापत्रक, चालू वर्षाच्या फीची पावती, घरच्यांची नोकरी-धंद्याची कागदे, यांनी फाइल भरीव होते.

नोंदणी धर्मप्रांताच्या युवा केंद्रामार्फत आणि आयोजकांच्या अधिकृत यंत्रणेवरच करा. यात्रेकरूचा बिल्ला, राहण्याची जागा, जेवणाची कुपने, शहरातल्या प्रवासाचा पास आणि शनिवारी कोणत्या सेक्टरमध्ये बसायचे, हे सगळे या नोंदणीतून येते. काही टूर कंपन्या ‘युवा दिन पॅकेज’ विकतात ज्यात हॉटेल, बस, प्रेक्षणीय स्थळे असतात आणि नोंदणी नसते. असा माणूस मैदानाच्या बाहेर उभा राहतो. सोबतच्या फादरांची नोंदणी धर्मगुरू म्हणून वेगळी करा. सहमिस्सासाठी बिशपांनी दिलेले सेलेब्रेट पत्र (धर्मगुरू असल्याचा दाखला) चालू वर्षाचे हवे, मिस्साच्या वेळी घालायचा स्वतःचा आल्ब (पांढरा झगा) आणि स्टोला (गळ्यातली पट्टी) सोबत हवा.

पैशांचा आकडा इथे देत नाही, कारण विमानभाडे आणि कोरियन चलनाचा, वॉनचा, भाव तोवर कुठे जाईल ते आज सांगून उपयोग नाही. हिशेबाची पद्धत मात्र सांगतो. एका माणसाचा खरा खर्च १०० धरा. चाळीस जणांचे ४,००० झाले. सहा मोठ्यांचा खर्च गट उचलणार असेल तर ते ३४ जणांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी ११८. त्यावर दहा टक्के राखीव धरले की १३०. पालकांना पहिल्याच दिवशी १३० सांगा. उरले तर परत द्या. १०० सांगून जूनमध्ये ३० वाढवले की तिथेच भांडणे होतात. हप्ते तीन: नोंदणीला, जानेवारीत, आणि शेवटचा इस्टरच्या आत, म्हणजे २८ मार्च २०२७ पूर्वी. पैसे धर्मग्रामाच्या खात्यात, कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा जीपेवर नाही. कोणत्या तारखेनंतर किती परत मिळणार हे लेखी द्या. टूर ऑपरेटरकडून पॅकेज घेतलेत तर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर) कापला जातो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, पण विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो, हे पालकांना सांगायला सहसा कुणी जात नाही.

ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी निधी काढायचा तर नाताळ हाच हंगाम. नेवऱ्या, कलकल, मार्झिपानची खोकी, वर दोन हाऊजी. मात्र तो निधी एका मडक्यात गोळा करून फादर आणि दोन पालक यांनी गुप्तपणे वाटावा. कुणाला किती मिळाले हे गटात कळले की सगळा मजा संपतो.

आता गटाची रचना, जिच्यावर शनिवार तरतो. चाळीसचा घोळका कुठेही एकसंध राहत नाही. चार गट सात तरुणांचे, एक सहाचा, प्रत्येकाला एक नेता, आणि एक माणूस, बहुधा फादर, कुठल्याच गटात नसलेला. प्रत्येकाला एक ते आठ असा क्रमांक. हलण्याआधी आणि पोहोचल्यावर मोठ्याने क्रमांक म्हणायचे. ‘सगळे आले का?’ असे विचारायचे नाही, कारण त्याला ‘हो’ असेच उत्तर येते आणि जो नाही तो बोलत नाही.

मेट्रोचा नियम आधी ठरवा. सेऊलच्या फलाटांवर प्रत्येक दारासमोर आकडे लिहिलेले असतात, ५-३ म्हणजे पाचव्या डब्याचा तिसरा दरवाजा. गटाने नेहमी एकाच दाराने चढायचे आणि तो आकडा चढण्याआधी मोठ्याने म्हणायचा. दार बंद होऊन दोघे मागे राहिले तर पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनला उतरून तिथेच थांबायचे, मागच्यांनी पुढची गाडी त्याच दारातून पकडून त्या स्टेशनला उतरायचे. दार हाताने अडवायचे नाही. ९ क्रमांकाच्या मार्गावर जलद गाड्याही धावतात, पुढच्या स्टेशनला थांबतीलच असे नाही. तिथे नियम उलटा, मागे राहिलेल्याने जागचे हलायचे नाही, नेता परत येईल. हे एखाद्या रविवारी दादर ते वांद्रे धीम्या लोकलने प्रत्यक्ष करून बघा. कागदावर सोपे वाटते, फलाटावर पहिल्या खेपेला हमखास दोघेजण भलत्याच दारी चढतात.

लोकलची सवय असलेल्या मुलांना गर्दीची भीती वाटत नाही, आणि तेच धोक्याचे आहे. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ माणसे गेली. सेऊलच्या इटेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ ला एका उतरत्या गल्लीत १५९. दोन्ही ठिकाणी अरुंद वाट आणि दोन्हीकडून रेटणारी माणसे. त्यामुळे तिथले पोलिस आता एकेरी वाटा आणि अडथळे याबाबत कडक आहेत. लांबचा वळसा घ्यायला लावला तर वाद न घालता घ्या. आपल्याला हात वर करता येत नाहीत इतकी गर्दी जाणवली की छातीसमोर दोन्ही हात आडवे धरायचे, थांबायचे नाही, लोटाच्या दिशेने तिरके सरकत कडेला यायचे. पडलेली वस्तू उचलायला वाकायचे नाही, फोन असला तरी.

शनिवारच्या बॅगेचे वजन पाण्यासह आठ किलोच्या वर नको. पाणीच तीन लिटर म्हणजे तीन किलो, त्यामुळे उरते पाच. युरोपातल्या मेळाव्यांच्या जुन्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यात जाड स्लीपिंग बॅग असते. सेऊलच्या ऑगस्टात रात्रही २५ अंशांच्या आसपास, एक पातळ चादर पुरते. खाली घालायला ताडपत्री मात्र हवी. आठ जणांना प्रत्येकी ६० सेंटिमीटर धरले की ५ मीटर बाय २ मीटर लागते; १०० जीएसएमची (चौरस मीटरला १०० ग्रॅम) घेतली तर वजन एक किलो, आणि पावसाळ्यात मस्जिद बंदरला हवी तशी कापून मिळते. छत्री नको: मागच्यांना मैदानातला मोठा पडदा दिसत नाही, आणि ती डोळ्यात जाते. पावसाळी पोंचो घ्या. टोपी, सनस्क्रीन, शिट्टी, टॉर्च, टिश्यू, साबणाच्या पट्ट्या, दोन कचऱ्याच्या पिशव्या, मुलींनी सॅनिटरी पॅड जास्तीचे. एक छोटा एफएम रेडिओ इअरफोनसह प्रत्येक गटात असावा. आजवर बहुतेक मेळाव्यांत भाषणांचे भाषांतर एफएमवर दिले गेले आहे, आणि रेंज गेली तरी रेडिओ चालतो. इंग्रजी नीट न कळणाऱ्या आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मिस्साची इंग्रजी उत्तरे देवनागरीत छापलेला एक कागद द्या. पहिल्या दिवशीचा संकोच निम्मा होतो.

ओआरएसचे मोठे पाकीट, २१ ग्रॅमच्या आसपासचे, एक लिटरसाठी असते. छोटे, चार ग्रॅमच्या जरा वरचे, २०० मिलिलिटरसाठी. मुले मोठे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मग उलट्या होतात. पाकिटावर मार्करने लिहून द्या. शनिवारी प्रत्येकी मोठी दोन. उष्माघाताची खूण म्हणजे नुसती चक्कर नाही, तर मूल असंबद्ध बोलू लागते, तोल जातो, अंग तापलेले असते. अशा वेळी पहिले काम थंड करणे: सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. ११९ हा अग्निशमन-रुग्णवाहिकेचा क्रमांक, ११२ पोलिसांचा, १३३० पर्यटकांसाठी, इंग्रजीतही बोलतात.

औषधांत एक खबरदारी. कोडिन असलेले खोकल्याचे औषध आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या कोरियात नियंत्रित अमली पदार्थांत मोडतात, घरच्या औषधांच्या डब्यातून चुकून जाऊ देऊ नका. लागतच असतील तर आधी परवानगी काढावी लागते. खाण्याचेही तसेच: आजीने प्रेमाने बांधून दिलेले सॉसेज, डुकराचे इंदेल, ताजे आंबे, काहीही नेता येत नाही, मांसाचे पदार्थ विमानतळावर पकडले तर जप्त तर होतातच, दंडही होतो. पॉवर बँक केबिनमध्ये, १०० वॉट-तासांच्या आत, म्हणजे साधारण २७ हजार एमएएच. २०२५ पासून कोरियन नियमानुसार ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवता येत नाही, अंगाजवळ ठेवावी लागते. आपले जाड तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, अडॅप्टर लागतो. वाट शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप हे ॲप मुंबईतच फोनमध्ये घ्या.

झेंड्याबद्दल. मुले तिरंग्यावर धर्मग्रामाचे नाव लिहून सह्या करतात. राष्ट्रध्वजावर काहीही लिहिणे हा कायद्याने गुन्हा आहे. नावाचे वेगळे फडके करा. आणि भेटण्याची खूण म्हणून झेंडा किंवा मोठा पडदा कधीच ठरवू नका, कारण हजारो गट तेच ठरवतात आणि झेंडे तर शंभर असतात. बिनचूक खूण म्हणजे आकडा असलेली वस्तू: सेक्टरचे फाटक, दिव्याचा खांब, नळाचा स्टँड. मैदानात पाय ठेवताच पहिल्या दहा मिनिटांत दोन खुणा ठरवा, एक आत, एक फाटकाबाहेर, आणि सगळ्यांनी त्या कागदावर लिहून घ्याव्यात. फोन लागत नसेल तर सम तासाला, चार, सहा, आठ वाजता, आतल्या खुणेपाशी एक नेता दहा मिनिटे उभा राहील. डेटा बंद पडला तरी साधा एसएमएस कधीकधी निघून जातो, ते मुलांना सांगा.

सेक्टरमध्ये दुपारच्या आत पोहोचा. सेक्टर भरला की फाटक बंद होते आणि बिल्ला असला तरी दुसरीकडे पाठवतात. आत गेल्यावर ताडपत्री वाटेवर पसरू नका. ती वाट रुग्णवाहिकेची असते आणि रात्री अकराला उठवतात. शौचालयाची रांग जागरण संपताच आणि पहाटे पाचनंतर सर्वात लांब असते. साडेतीनला जा. रात्री अकरा ते पहाटे पाच, दोघे-दोघे दोन तास जागे: तीन पाळ्यांत सहा जण होतात, दोघांना पूर्ण झोप. ही मुभा पायाचे फोड असलेल्यांना द्या. पासपोर्ट आणि पैसे पाण्याला न भिणाऱ्या पाकिटात, अंगावर, कपड्यांच्या आत. विजा कडाडू लागल्या तर झेंड्यांच्या काठ्या आडव्या करून खाली ठेवायच्या आणि घोषणेची वाट बघायची. स्वतःच्या मनाने मैदान सोडून पळालेल्या गटांना फाटकावर मोठी गर्दी भेटते.

रविवारी मिस्सा संपताच उठू नका. पहिल्या दोन तासांत सगळे मैदान एकाच दिशेने निघते आणि स्टेशनांवर तास-दोन तास रांगा लागतात. बसून राहा, उरलेले खा, मुलांना झोपू द्या, गटागटाने क्रमांक मोजा, दुपारी दोन-अडीचला निघा. आणि परतीचे विमान रविवारी रात्रीचे अजिबात नको. सोमवारचेही नको. मंगळवार, १० ऑगस्ट धरा. एक-दोन मुक्कामांचे जास्तीचे पैसे जातात, पण हुकलेल्या विमानाच्या चाळीस तिकिटांपेक्षा ते स्वस्त.

सरावाइतकीच वर्षभराची आध्यात्मिक तयारी हवी, आणि ती कोरियाच्या इतिहासातून सोपी जाते. मेळाव्याचे ब्रीद योहान १६:३३ मधले आहे: ‘धीर धरा, मी जगाला जिंकले आहे.’ तिथला विश्वास परदेशी मिशनऱ्यांनी नेलेला नाही. पुस्तके वाचणाऱ्या स्थानिक विद्वानांपैकी यी सुंग-हून १७८४ मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि त्याने इतरांना दिला. पहिले कोरियन धर्मगुरू संत आंद्रू किम तेगॉन वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८४६ मध्ये, हुतात्मा झाले. तुमच्या गटातल्या निम्म्या मुलांचे वय तेवढेच असेल. १०३ हुतात्म्यांना १९८४ मध्ये सेऊलमध्येच संतपद दिले गेले. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये समुद्रापलीकडच्या नागासाकीत क्रुसावर गेले. तिथे चित्रे, माळा, बिल्ले यांची देवाणघेवाण जोरात चालते, तेव्हा त्यांची छोटी छापील चित्रे, मागे इंग्रजीत दोन ओळी, प्रत्येकी पन्नास नेली तर वजन नगण्य आणि ओळखी भरपूर.

सोमवार मोकळा ठेवाल तो या जागांसाठी. म्याँगडाँगचे कॅथेड्रल १८९८ चे, मध्यवस्तीत, तिथे मेळाव्याच्या आठवड्यात गर्दीच असेल; सोमवारी सकाळी बरे. पाय धरलेल्यांना फक्त हान नदीकाठच्या चोलदुसानला न्या, जिथे १८६६ च्या छळात कित्येकांचा शिरच्छेद झाला. हापजाँग स्टेशनवरून चालत दहा मिनिटे, २ आणि ६ दोन्ही क्रमांकांचे मार्ग तिथे थांबतात. फादरांनी मिस्साची वेळ तिथल्या कार्यालयाकडे निदान दोन महिने आधी मागून ठेवावी.